डावाची मुदत

वैशाख शुद्ध तृतीयेस खान्देशात पितरांच्या नावाची घागर भरून झाली, खापरावरचे मांडे आणि आमरस यांचे जेवण आटोपले, आणि सासरहून आलेल्या लेकी निंबाच्या झोक्याकडे वळल्या, की चाळीसगावापासून तापीकाठापर्यंतच्या कितीतरी गावांत पुरुषमंडळी ओट्यावर, पारावर किंवा मळ्यातल्या आंब्याच्या सावलीत सतरंजी अंथरून पत्ते मांडतात. आणि जो गृहस्थ एरवी वर्षभर पत्त्यास हात लावीत नाही, ज्याच्या घरी जुगाराचे नाव काढणेही कुळास बट्टा लावणारे समजले जाते, तोसुद्धा त्या दिवशी तीन पत्तीला किंवा झन्नामन्नाला चार पैसे लावून बसतो, व त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. आखाजीचा हा डाव म्हणजे खान्देशाच्या समाजजीवनातील एक जुनी वहिवाट आहे. तिच्याकडे सुशिक्षितांनी एक तर नाक मुरडून पाहिले आहे, नाही तर ग्रामीण गंमत म्हणून तिची बोळवण केली आहे. परंतु चाळीसगाव तालुक्यातील पंधरा-सोळा वर्षांची मुले आज मध्यरात्र उलटून गेली तरी मोबाइलच्या पडद्यावरील एका काल्पनिक बेटावर अखेरपर्यंत जिवंत राहण्याची धडपड करीत बसलेली असतात, हे पाहिले म्हणजे त्या वहिवाटीचा विचार जरा गांभीर्याने करणे इष्ट वाटू लागते.

आखाजीसच हा डाव का, याचे उत्तर पंचांगात शोधण्यापेक्षा शेतीच्या वर्षचक्रात शोधावे. रब्बीचे धान्य घरात आलेले असते, कपाशीच्या पेरणीस अद्याप अवकाश असतो, नांगरलेली जमीन उन्हात तापत पडलेली असते; आणि मुख्य म्हणजे सालदाराचे साल आखाजीस संपून आखाजीसच नवे सुरू होत असल्यामुळे वर्षाचा हिशेब, उचल, बाकी आणि नवा करार यांची उलाढाल त्याच दोन-चार दिवसांत होऊन, ज्याच्या हाती एरवी रोकड क्वचितच दिसते त्याच्याही हाती ती येते. रिकामा वेळ, हातात पैसा आणि घरी जमलेला गोतावळा असा त्रिवेणी संगम वर्षातून एकदाच होतो. बायकांच्या वाट्यास त्या दिवशी गौराई, झोका आणि गाणी येतात. काही गावांत दोन बाजूंच्या बायका एकमेकींवर शिव्यांचा भडिमार करून ‘बार’ खेळतात, आणि ज्या तोंडातून वर्षभर सासूसमोर ब्र निघत नाही त्या तोंडाचे त्या दिवशीचे सामर्थ्य ऐकण्यासारखे असते. बहिणाबाई चौधरींची आखाजीवरची रचना झोक्यावरच्या लेकींची आहे. ओट्यावर चाललेल्या पुरुषांच्या डावाकडे मात्र वाङ्मयाने फारसे लक्ष दिलेले नाही.

या डावाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या मर्यादांत आहे. त्याला दिवस ठरलेला होता. कोठे आदले-मागले चार दिवस त्यात मिळविले जात, पण मृगाची चाहूल लागली की पत्ते कोनाड्यात जात, कारण पाऊस कोणाच्या डावासाठी थांबत नाही. त्याला जागाही ठरलेली होती, आणि ती चारचौघांच्या नजरेतली होती. शिवाय खेळणाऱ्यांत चुलता असे, मामा असे, नवा जावई असे. कोण किती हरला हे घरोघर ठाऊक असे, आणि फार हरणाऱ्यास हात धरून उठविण्याचा अधिकार गावातल्या कोणाही वडीलधाऱ्यास असे. या मर्यादांमुळे सारे काही सुरळीत चाले, असे मात्र मी म्हणणार नाही. डावावरून डोकी फुटली आहेत, सालाची उचल एका संध्याकाळी संपल्यामुळे पुढचे सारे वर्ष सावकाराच्या दारात गेलेले सालदारही होऊन गेले आहेत. पण तो अनर्थ वर्षातून एकदा येई, आणि येई तेव्हा गावाच्या डोळ्यांदेखत येई. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर सार्वजनिक जागी पैसे लावून खेळणे हा सन १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हाच होय, आणि ‘कलम १२ (अ)’ हे शब्द जळगाव-धुळ्याच्या वर्तमानपत्रांच्या वाचकास रोजच्या भाजीपाल्याच्या भावाइतके परिचयाचे आहेत. तरी आखाजीपुरता फौजदारसुद्धा कानाडोळा करतो, अशी सार्वत्रिक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती कितपत खरी, हा प्रश्न निराळा; अशी समजूत असणे हेच त्या वहिवाटीचे बळ दाखविते.

खेळाच्या ओढीला वेसण घालण्याचा हा उद्योग फार प्राचीन आहे, आणि त्याच्या खुणा चाळीसगावच्या आसमंतातच विखुरलेल्या आहेत. गावाच्या दक्षिणेस सातमाळ्याची रांग ओलांडणारा जो घाट आहे, त्याला १८२५ मध्ये खान्देशात भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचे नाव मिळालेले आहे. तो चढून कन्नडवरून पुढे गेले की वेरूळ लागते. आणि वेरूळच्या चौदाव्या व एकविसाव्या लेण्यांत शिवपार्वती द्यूत खेळत बसलेली आहेत. खाली गण नंदीची चेष्टा करीत आहेत, वर जगाचा संहारकर्ता पत्नीकडून हरतो आहे. हरलेला देव आणखी एक डाव मागतो आहे, असा अर्थ अशा शिल्पांच्या बाबतीत काही जाणकार लावतात, आणि तो लावण्याचा मोह मलाही आवरत नाही; कारण ‘आणखी एक’ या मागणीतच या सगळ्या व्यसनाचे बीज आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात विलाप करणारा द्यूतकार बेहड्याच्या फळांचे फासे टाकतो, आणि बेहडा सातपुड्यात आजही रानोमाळ उभा आहे. त्या सूक्तातील मनुष्य आता खेळावयाचे नाही असे मनाशी ठरवितो. पण फासे वाजले की त्याची पावले त्या निश्चयाविरुद्ध त्यांच्याकडेच वळतात.

कौटिल्य या विलापात वेळ घालवीत नाही. त्याने अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमला: खेळावयाचे तर सर्वांनी एकाच नेमलेल्या ठिकाणी खेळावे, अन्यत्र खेळेल त्यास बारा पण दंड, फासे अध्यक्षाने पुरवावे, आणि जिंकणाऱ्याच्या रकमेतून शेकडा पाच राजाने घ्यावे. राजाला पैसा हवा होता हे उघड आहे. चोरटे आणि गुप्तपणे उपजीविका करणारे लोक एका जागी सापडावेत हाही त्याचा हेतू होता. पण कारण काहीही असो, द्यूत एका छपराखाली आले. जे चव्हाट्यावर चालते त्याची गणती करता येते, एवढे त्या रुक्ष शास्त्रकारास पक्के कळले होते.

यादवकाळात याच मुलखात दोन गोष्टी घडल्या, त्यांचा उल्लेख टाळता येत नाही. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस डोंगराच्या कुशीत पाटण म्हणून स्थान आहे. तेथील देवीच्या मंदिरातील आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला शके ११२८ चा लेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू आणि सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला, आणि निकुंभवंशीय मांडलिकांनी त्यास उत्पन्न लावून दिले. भास्कराचार्यांच्या जन्मस्थळाचा वाद पंडितांनी खुशाल घालावा; त्यांची ‘लीलावती’ या डोंगरात शिकविली जात होती, एवढे निर्विवाद आहे. या ग्रंथाच्या अखेरीस ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे, आणि त्यात शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधांची अदलाबदल केली तर किती निरनिराळ्या मूर्ती होतील, असा प्रश्न घातला आहे. उत्तर छत्तीस लक्ष अठ्ठावीस हजार आठशे. किती प्रकार संभवतात हे मोजण्याची विद्या ज्या भूमीत मठ बांधून शिकविली गेली, त्याच भूमीत सातशे-साडेसातशे वर्षांनी लोकांनी आकड्यांवर घरे घालविली. विद्येने माणसास शहाणपण येते या समजुतीस इतिहासात यापेक्षा खट्याळ उत्तर मिळणे कठीण. दुसरी गोष्ट म्हाइंभटांच्या लीळाचरित्रातील. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर हे पूर्वाश्रमी गुजरातेतील प्रधानपुत्र हरिपाळदेव. त्यांना द्यूताचा छंद होता. ते हरले, देणे भागविण्यास त्यांनी पत्नीचे अलंकार मागितले, कमळाइसेने ते दिले नाहीत, आणि त्या नकाराने उद्विग्न होऊन ते रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून निघाले ते परत फिरले नाहीत. मराठी गद्याच्या आरंभीच हरलेल्या द्यूतकाराची ही कथा उभी आहे. तिच्यात उपदेश शोधू नये. पण एक खरे, की तेथेही डाव थांबविणारे माणूस घरात होते.

ही घरातली आणि गावातली माणसे डावाभोवतून प्रथम दूर झाली ती कापसामुळे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ मनमाडवरून चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असे खान्देश कापीत गेले. ज्या कापसाला गावच्या बाजारापलीकडे भाव ठाऊक नव्हता त्याचा भाव आता लिव्हरपुलात ठरू लागला. जळगाव हे खेडेवजा ठिकाण कापसाची मोठी पेठ बनले. गाठीत दगड, सरकी व पाणी भरण्याचा उद्योग इतका बोकाळला की सरकारास १८६३ मध्ये कापसाच्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. मुंबईत त्या पैशाने काय उत्पात केला तो सर्वश्रुत आहे: समुद्र बुजवून जमीन काढण्याच्या कंपन्यांचे भाग कधी न पाहिलेल्या किमतींना गेले, आणि युद्ध संपल्याची वार्ता येऊन १८६५ च्या जुलै महिन्यात तो सारा डोलारा कोसळला. खान्देशाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट ही, की शेतकऱ्याच्या मालाच्या भावावर माल न पाहता, माल न घेता, केवळ फरकाचा व्यवहार करणारा एक वर्ग निर्माण झाला. तेजी-मंदी, वायदा आणि फरक हे शब्द आडत्याच्या ओट्यावरून गावच्या ओट्यावर आले, आणि आखाजीची वाट न पाहता बाराही महिने तेथे राहिले.

असल्या व्यवहारांस कायद्याने आवर घालण्याचे प्रयत्न त्याआधीच झाले होते. मुंबईचे व्यापारी कलकत्त्याच्या लिलावात अफूचा सरासरी भाव काय निघेल यावर पैजा मारीत, आणि त्या पैजांचे दावे थेट विलायतेस प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेले. परिणामी १८४८ चा कायदा होऊन पैजेचे करार रद्दबातल ठरले. पुढे मुंबईत पावसावर सट्टा सुरू झाला: छपरावर पडलेला पाऊस ठरावीक वेळात ठरावीक मोरीतून वाहील की नाही, यावर पैसे लागत. ज्या पावसाकडे पाहून खान्देशातील कुणबी हात जोडीत होता त्याच पावसावर मुंबईच्या गच्चीवर कोणी पैसे लावीत होता. १८८७ चा जुगाराचा कायदा या चमत्कारिक प्रकारास पुरा पडेना म्हणून १८९० मध्ये त्यात दुरुस्ती करून पावसाचा सट्टा त्याच्या कक्षेत घेण्यात आला. सरकार एक मोरी बुजवीत होते आणि लोक दुसरी शोधीत होते.

ती दुसरी मोरी तारेतून आली. १८७० मध्ये समुद्राखालील तारेने मुंबई विलायतेशी जोडली गेली, आणि पुढे न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात उघडताना व मिटताना निघणारे भाव मुंबईस येऊ लागले, तेव्हा त्या भावांच्या शेवटच्या अंकांवर पैसे लावण्याची चाल पडली. कापूस आता निमित्तालाही उरला नाही. उरला तो आकडा. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून ते भाव येणे बंद झाले, तेव्हा हा जुगार मरावयास हवा होता. पण कल्याणजी भगत याने १९६२ मध्ये आणि रतन खत्री याने १९६४ मध्ये स्वतःचाच आकडा काढण्यास प्रारंभ केला. मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची आरंभीची पद्धत जाऊन तीन-तीन पत्ते काढण्याची आली, तरी नाव मटका हेच राहिले. तीन पत्त्यांच्या अंकांची बेरीज करून तिचा शेवटचा अंक तो ओपन, पुन्हा तीन पत्त्यांचा तो क्लोज, दोन्ही मिळून जोडी. आणि तीन अंकांचे पाने, म्हणजे क्रम न पाहता होणारे तीन-तीन अंकांचे गट, किती होतात, तर दोनशे वीस, हे पाटणच्या मठातील कोणाही विद्यार्थ्याने बोटांवर सांगितले असते. शून्य-शून्यपासून नव्व्याण्णवपर्यंत शंभर जोड्या. त्यांपैकी एक लागणार. लागली तर रुपयास सुमारे नव्वद मिळणार. शंभरातले दहा प्रत्येक फेरीत पेढीवाल्याच्या गल्ल्यात राहतात, हे गणित न कळण्याइतका कोणीच अडाणी नव्हता. तरीही लोक पहाटेच्या स्वप्नाचा आकडा करून टपरीवर जात. येथे दिवसाची मर्यादा गेली, कारण आकडा रोज निघे. जागेची गेली, कारण चिठ्ठी कोठेही फाडता येई. आणि गावाचे डोळेही गेले, कारण किती लावले हे लावणारा आणि घेणारा यांखेरीज कोणास कळत नसे. महाराष्ट्र सरकारने १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढली, तेव्हा कौटिल्याची आठवण कोणास झाली असेल-नसेल, पण शेकडा पाचाचे तत्त्व मात्र परत आले.

आता त्या बेटाकडे वळू. १९९९ मध्ये कोउशुन ताकामी या जपानी लेखकाची एक कादंबरी प्रसिद्ध झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिच्यावर चित्रपट निघाला. एका शाळेतील मुलांना बेटावर सोडून, एकच जिवंत उरेपर्यंत एकमेकांस मारण्याची सक्ती केली जाते, असे त्याचे भीषण कथानक. ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाने त्या कल्पनेवर खेळ रचले, आणि त्यांतूनच एका दक्षिण कोरियन कंपनीकडून २०१७ मध्ये संगणकावर आणि मार्च २०१८ मध्ये टेन्सेंट या चिनी कंपनीच्या साहाय्याने मोबाइलवर तो खेळ आला, ज्यास आपल्याकडे पबजी या नावाने शेंबडे पोरही ओळखते. शंभर खेळाडू विमानातून आठ किलोमीटर लांब व तितक्याच रुंद बेटावर छत्रीने उतरतात. हाती काही नसते. घराघरांतून बंदुका, गोळ्या, औषधे हुडकावी लागतात. आणि एक निळे वर्तुळ हळूहळू आक्रसत सर्वांना एकमेकांच्या समोर ढकलीत नेते. अर्ध्या तासात नव्व्याण्णव मरतात. उरलेल्याच्या पडद्यावर ‘विनर विनर चिकन डिनर’ असे जे कोंबडीच्या जेवणाचे वाक्य झळकते ते अमेरिकन जुगारखान्यातील जुनी आरोळी आहे; खेळ रचणाऱ्यांनी आपले कूळ लपविलेले नाही.

शंभरात एक, हे प्रमाण मटक्याच्या जोडीचेच आहे. पण जोडी लावणारा आकड्यापुढे हतबल असतो आणि बेटावरचा मुलगा तसा नसतो, यात या खेळाची खरी मोहिनी आहे. नेमबाजी सुधारते, बेटाचे कानेकोपरे पाठ होतात, कोणत्या घरात काय सापडते याचा अंदाज येतो. तेव्हा नवव्या क्रमांकावर मेलेला मुलगा आपण दुर्दैवी आहोत असे मानीत नाही, आपण थोडक्यात हुकलो असे मानतो, आणि थोडक्यात हुकलेल्या माणसाइतका अतृप्त प्राणी जगात दुसरा नाही. शिवाय आरंभीच्या फेऱ्यांत त्याच्या समोर येणाऱ्या शंभरांपैकी कित्येक यंत्रानेच चालविलेली बाहुली असतात, म्हणजे नवख्यास विजय सुलभ व्हावा. नवागतास पहिले दोन डाव जिंकू देण्याची जुगारअड्ड्यावरची युक्तीच ही. त्यापुढे दर्जांची शिडी येते, ब्राँझपासून एसपर्यंत आणि त्याच्याही वर कॉन्कररपर्यंत. आणि ती शिडी दर हंगामाच्या अखेरीस पुन्हा खाली ओढली जाते, म्हणजे चढणे कधी संपतच नाही. रोज हजेरी लावली तर बक्षीस, न लावली तर ते बुडाले. पेट्या उघडावयाच्या, त्यांत काय निघेल ते सांगता येत नाही. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखविले होते की दाणा नियमाने मिळत असेल तर तो बंद झाल्यावर पक्षी चोच मारणे लवकर सोडतो, अनियमाने मिळत असेल तर लवकर सोडत नाही; पेट्यांची रचना त्याच नियमावर उभी आहे, आणि बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडण्याच्या अशा पेट्यांस सरळ जुगार ठरविले.

तथापि या सर्वांहून बळकट दोरी दुसरीच आहे, असे मला वाटते. खेळणारे चौघांच्या तुकडीने उतरतात, त्यांच्या बोलीत स्क्वॉड. एक भडगाव रस्त्यावर असतो, दुसरा स्टेशनामागे, तिसरा शिक्षणासाठी पुण्यास गेलेला, आणि चौघे कानांत एकमेकांशी बोलत असतात. मधूनच उठणे म्हणजे तिघांना गोत्यात टाकणे. ‘भो, एक शेवटची मॅच’ असे एकाने म्हटले की बाकीचे तीन नकार देऊ शकत नाहीत, आणि तो एक कोण, हे दर वेळी बदलत राहते. आखाजीच्या ओट्यावर सोबत्यांच्या गराड्यात एखादा तरी उठविणारा असे. येथे सोबत आहे, पण सगळी बसवून ठेवणारी.

हा खेळ तालुक्याच्या गावी पोहोचला त्याचे कारण खेळात नसून दरपत्रकात आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने आपली सेवा सुरू केल्यावर इंटरनेटचा भाव इतका उतरला, की जे पूर्वी सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने मिळे ते अंथरुणात मिळू लागले. ज्यांच्याकडे चांगला फोन नव्हता त्यांच्यासाठी फ्री फायर होता: स्वस्त फोनवर चालणारा, पन्नास खेळाडूंचा, दहा मिनिटांत संपणारा. पाठोपाठ २०२० ची टाळेबंदी आली, आणि ज्या फोनबद्दल मुलास रागे भरावयाचे तोच फोन शाळा म्हणून त्याच्या हाती देणे आईबापांस भाग पडले.

मूल खोलीचे दार लावून घेते, ही आईबापांची मुख्य तक्रार असते. चाळीसगावने दार लावून घेतलेला एक थोर माणूस पाहिला आहे. छायाचित्रकार केकी मूस यांनी रेल्वे स्टेशनाजवळच्या आपल्या वास्तूत सुमारे पन्नास वर्षे जवळजवळ उंबरठा न ओलांडता काढली, आणि मेजावर मांडलेल्या लहानसहान वस्तूंतून हिमप्रदेश आणि अरण्ये उभी करून जगभरची पारितोषिके मिळविली. दार बंद असण्यानेच मनुष्य वाया जातो असे नाही. मूसांच्या खोलीत तेच मांडणी करीत, तेच मोडीत. मुलाच्या खोलीतली मांडणी मात्र दूर कोणी केलेली असते, आणि मुलाने उठू नये यासाठी ती दर आठवड्यास तपासली जाते.

सरकारांनी काय केले, तेही थोडक्यात नमूद करावे लागेल. राजकोटच्या पोलिसांनी मार्च २०१९ मध्ये मनाईहुकूम काढला आणि खेळणाऱ्या तरुणांस रस्त्यावरून पकडून नेले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने खेळावरील ताबा सुटणे हा विकार म्हणून आपल्या नव्या रोगसूचीत नोंदविला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीसह ११८ ॲपांवर बंदी घातली. कारण मुलांचे नव्हे, चीनच्या सीमेवरील तणावाचे होते. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा उघडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेला तर फ्री फायर मॅक्स राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा जो कायदा केला त्याने पैसे लावून खेळावयाच्या रमीसारख्या खेळांस सरसकट बंदी केली आणि ई-स्पोर्ट्स म्हणून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांस मान्यता दिली. १८८७ पासून आपला कायदा जुगारात पैसा शोधीत आला आहे; जेथे पणास लावली जाते ती रात्र, झोप आणि दहावीचे वर्ष, तेथे त्याच्या पंचनाम्यात लिहावयास मुद्देमालच सापडत नाही.

मुदतीची कल्पना मात्र पूर्वेकडच्या देशांना सुचली. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांस मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत खेळ बंद केला आणि दहा वर्षांनी ते कलम मागे घेतले. चीनने सप्टेंबर २०२१ पासून अठरा वर्षांखालील मुलांस शुक्रवार, शनिवार, रविवार व सणाच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तास मोकळा ठेवला. दिवस ठरला, वेळ ठरली. सरकारी फर्मानाने आखाजी नेमून देण्याचाच हा प्रकार, फक्त उठविण्यास मामा नाही, यंत्र आहे. आपल्याकडे परतलेल्या खेळानेही स्वतःहून काही अटी पत्करल्या: अठरा वर्षांखालील खेळाडूस दिवसाला तीन तास, खर्चास मर्यादा, आणि आरंभी पालकांची संमती. ही संमती पालकांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून द्यावयाची असते. आणि बहुतेक घरांत पालकांचा मोबाइल त्या वेळी मुलाच्याच हातात असतो.